आठ बारांच्या पुढे: इलेक्ट्रॉनिक ट्रॅक पूर्ण करायची एक कामाची पद्धत

इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर असतं. त्यात 'नवीन १', 'नवीन १ फायनल', 'बेस आयडिया', 'हा चांगला' अशा नावांच्या फाइल्स असतात. कुठलीही उघडली की आठ बारांचा झकास लूप वाजतो (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन, लूप म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा). नववा बार मात्र कुठल्याच फाइलमध्ये नसतो.

ज्ञान कमी पडतं म्हणून असं होतं, असं फारसं नाही. कॉम्प्रेसर काय करतो, फिल्टर कसा फिरवायचा, हे शिकवणारे व्हिडिओ लागतील तेवढे सापडतात. गाडं अडतं ते कामाच्या क्रमात. एकाच बैठकीत आपण आवाज घडवत असतो, सुरावट शोधत असतो, मध्येच किकचा, म्हणजे खोल ड्रमच्या ठोक्याचा, ईक्यू (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण) करायला जातो आणि मग रिव्हर्बच्या, म्हणजे घुमण्याचा भास देणाऱ्या इफेक्टच्या, प्रीसेट्समध्ये तासभर हरवतो. आवाज घडवणं, रचना, मांडणी आणि मिक्स ही चार निराळी कामं आहेत आणि प्रत्येकाला लागणारं लक्षही निराळं आहे. ती वेगवेगळ्या बैठकांत वाटून घेतली की ट्रॅक पूर्ण व्हायला लागतात. पुढचा सगळा तपशील याच एका मुद्द्याभोवती आहे. हिशोब सोपा राहावा म्हणून सगळीकडे टेम्पो १२५ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२५ ठोके, धरला आहे.

आधी टेम्प्लेट

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हा प्रश्न नवशिक्यांना फार छळतो आणि त्याचं उत्तर कंटाळवाणं आहे: कोणतंही. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, लॉजिक, बिटविग, रीपर, यातलं एक घ्या आणि निदान वर्षभर बदलू नका. सिंथचं, म्हणजे आवाज मुळापासून तयार करणाऱ्या वाद्याचंही तसंच. व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट आहे, सर्ज एक्सटी तर पूर्णच फुकट आणि मुक्तस्रोत आहे. दोन्हींत वर्षभर पुरेल एवढा ऐवज आहे. एका सिंथचा नॉब न् नॉब माहीत असलेला माणूस, वीस सिंथ बाळगणाऱ्याच्या आधी हव्या त्या आवाजापर्यंत पोचतो.

प्रोजेक्ट २४ बिटवर आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ आहे आणि सॅम्पल रेट त्याच्या दुपटीहून जास्त असला की काम भागतं. ९६ किलोहर्ट्झवर काम केल्याने ट्रॅक सुधारत नाही, कॉम्प्युटर मात्र लवकर धापा टाकतो. बफरकडे, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे देतो त्याकडे, जास्त लक्ष द्या. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, आणि १०२४ चा म्हणजे सुमारे २३. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड करताना बफर लहान हवा, नाहीतर बोट आणि आवाज यांत फट जाणवते आणि ठेका ढिला पडतो. मिक्सच्या वेळी तो बिनधास्त मोठा करा.

आता टेम्प्लेट. ड्रम, बेस, कॉर्ड्स, लीड आणि इफेक्ट्स असे पाच गट करा, प्रत्येकाला ठरलेला रंग द्या. दोन सेंड, म्हणजे अनेक ट्रॅकना सामाईक वापरता येणाऱ्या इफेक्टच्या वाटा, तयार ठेवा, एकावर आखूड रिव्हर्ब आणि दुसऱ्यावर डिले. मास्टरवर स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि लाउडनेस मीटर. शिवाय एक रिकामा ट्रॅक संदर्भासाठी, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते तयार गाणं टाकण्यासाठी. हा ट्रॅक मास्टरवरच्या प्रक्रियेतून जाणार नाही अशी जोडणी करा. सगळं एकदा जमवून टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलं की पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर थेट संगीतच सुरू करता येतं. कल्पना सुचते तेव्हा ती थांबून राहत नाही, आणि ट्रॅकना नावं देण्यात दहा मिनिटं गेली तर तेवढ्यात ती विरून जाते.

आवाज घडवण्याची बैठक वेगळी

या बैठकीत ट्रॅक करायचाच नाही. फक्त आवाज करायचे, त्यांना नाव द्यायचं आणि ठेवून द्यायचे. नाव असं द्या की महिन्याभराने वाचूनही आवाज आठवेल: 'बेस रबरी', 'पॅड धुरकट मंद', 'किक टणक सोल'. नॉब फिरवत असताना रेकॉर्डिंग चालू ठेवा. दहा मिनिटांच्या खटपटीतले चार सेकंद अप्रतिम निघतात आणि ते पुन्हा जमत नाहीत. तेवढाच तुकडा कापून सॅम्पल म्हणून जपून ठेवा.

नमुन्यादाखल एक किक मुळापासून करून पाहू. किक ज्याला बनवता येते त्याला एन्व्हलप, म्हणजे आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख, समजला, आणि एन्व्हलप समजला की सिंथची अर्धी वाट संपली.

सिंथमध्ये एकच ऑसिलेटर (मूळ लाट निर्माण करणारा भाग) चालू ठेवा, साइन वेव्ह. प्रत्येक नोटेला त्याची लाट शून्यापासून सुरू होईल अशी सेटिंग करा, नाहीतर प्रत्येक ठोका थोडा वेगळा वाजेल. ॲम्प्लिट्यूडच्या एन्व्हलपमध्ये अटॅक (चढण्याचा वेळ) शून्य, सस्टेन (टिकणारी पातळी) शून्य, डिके (उतरण्याचा वेळ) ३०० मिलिसेकंद. आता ४९ हर्ट्झचा, म्हणजे सर्वांत खालच्या सप्तकातला जी वाजवा. नुसता 'हूं' असा मऊ आवाज येईल, ठोका अजून नाहीच. मग दुसरा एन्व्हलप पिचला जोडा: सुरुवात तीन सप्तकं वरून, म्हणजे ३९२ हर्ट्झवरून, आणि साधारण ५० मिलिसेकंदांत खाली. लगेच किक ऐकू येते. हा पिचचा डिके २०० मिलिसेकंदांपर्यंत लांबवला तर खेळण्यातल्या बंदुकीसारखा 'प्यूं' येतो, १० पर्यंत आणला तर नुसती टिचकी उरते. या दोन टोकांमध्ये कान लावून सरकत राहा, तुमची किक तिथेच कुठेतरी आहे.

वर काही मिलिसेकंदांचा नॉइज जोडा आणि त्यातला खालचा भाग फिल्टरने काढून टाका. ती ठोक्याची कड. शेवटी थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित दाबून विस्कटवणं. ४९ हर्ट्झ फोनच्या स्पीकरमधून येणारच नाही, पण सॅच्युरेशनने ९८, १४७ असे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि कान त्यांवरून खालचा सूर ओळखून घेतो. १९८० सालच्या रोलँड टीआर-८०८ मध्ये हेच काम एका सर्किटकडून होत असे. विजेच्या एका झटक्याने ते सर्किट घुमायचं आणि हळूहळू विझायचं.

डिके ३०० मिलिसेकंदच का, तर १२५ बीपीएमला एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा असतो. ६०,००० ला टेम्पोने भागलं की हा आकडा मिळतो आणि तो तोंडपाठच हवा. किक ३०० मध्ये आटोपली तर बेसला १८० मिलिसेकंद मोकळे मिळतात. लांब शेपटीची, घुमणारी किक एकटी ऐकायला जबरदस्त वाटते, पण ट्रॅकमध्ये ती सगळी जागा खाते.

ठेका

पुढची बैठक रचनेची. आता नवे आवाज घडवायचे नाहीत, जमवलेल्यांतूनच निवडायचं. किक निवडताना तीन ऐका, एक घ्या, पुढे चला. ती नंतर बदलता येते.

टेम्पोचं भान ठेवा. हाउस साधारण १२० ते १२८, टेक्नो त्याच्या आसपास किंवा वर, डबस्टेप १४०, ड्रम अँड बेस १७० ते १७५. चारही मात्रांवर किक, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर क्लॅप, दोन ठोक्यांच्या मधोमध उघडी हायहॅट. एवढा सांगाडा मिनिटभरात होतो आणि मिनिटभरातच कंटाळवाणाही होतो. त्यात जीव येतो तो दोन गोष्टींनी, जोर आणि वेळ.

जोर म्हणजे व्हेलॉसिटी. १९८३ साली आलेल्या मिडीमध्ये (कोणती नोट, किती जोराने, हे वाद्यांना सांगणाऱ्या पद्धतीत) ती १ ते १२७ अशी मोजली जाते आणि माउसने काढलेल्या नोटा सगळ्या एकाच आकड्यावर येऊन बसतात. सोळा हायहॅट सारख्या जोराने वाजल्या की मशीन शिवणकाम करतंय असं वाटतं. त्यावर 'रँडम' बटण दाबणं हा उपाय लोकप्रिय आहे, पण माझ्या मते चुकीचा. वाजवणाऱ्या माणसाचा जोर यादृच्छिक नसतो, त्यात एक नक्षी असते. चार-चारच्या गटाला ९५, ५५, ८०, ५० असं काही देऊन बघा, आणि चौथ्या गटात एक नोट काढून टाका.

वेळ म्हणजे स्विंग. प्रत्येक जोडीतली दुसरी सोळावी नोट (बारच्या सोळाव्या भागाएवढी) किंचित उशिरा वाजवायची. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमधून ही सोय रूढ झाली आणि टक्केवारीत मोजायची पद्धत अजून तीच आहे: ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे तिपटीची चाल. १२५ बीपीएमला सोळावी नोट १२० मिलिसेकंदांची. स्विंग ५६ टक्के केला तर दुसरी नोट जेमतेम १४ मिलिसेकंद उशिरा येते. कागदावर हे काहीच नाही, पण मान डोलते ती तेवढ्यानेच. किक आणि क्लॅप जागच्या जागी ठेवा, स्विंग फक्त हॅट आणि पर्कशनला द्या. सगळ्यालाच दिला की ठेका लंगडतो.

एक युक्ती मला फार आवडते. पर्कशनचा एखादा लूप सोळाऐवजी सात घरांचा (एक घर म्हणजे एक सोळावी नोट) करा आणि सोळा घरांच्या बारवर फिरू द्या. तो सात बारांनंतरच पुन्हा समेवर येतो. ऐकणाऱ्याला ताल सरळच वाटत राहतो, पण आत काहीतरी सतत सरकत असतं. चार नोटांच्या खर्चात पुष्कळ वेळ कान गुंतून राहतो.

किक आणि बेस

दाराशी दोघं एकदम आत शिरू पाहतात तसं या दोघांचं होतं. ४० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात एका वेळी एकालाच जागा आहे. तीन मार्ग आहेत आणि मी ते याच क्रमाने वापरतो.

पहिला मार्ग रचनेचा: किकच्या ठोक्यावर बेसची नोटच ठेवू नका. ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधोमध, चालणाऱ्या बेसलाइनला कुठल्याही प्लगिनची गरज पडत नाही. दुसरा, नोटांची उंची. सर्वांत खालचा ई ४१ हर्ट्झचा, एफ ४४ च्या आसपास, जी ४९, ए ५५. खालच्या डी-सीमध्ये बेसलाइन गेली की बहुतेक स्पीकर तिथे हातच टेकतात, म्हणून पट्टी निवडतानाच हा विचार करा. तिसरा, साइडचेन: किक वाजली की बेस दबतो. अटॅक जवळपास शून्य ठेवा आणि रिलीज (दबाव सुटायला लागणारा वेळ) असा की ठोक्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे २४० मिलिसेकंदांपर्यंत, बेस पूर्ण परत आलेला असेल. रिलीज लांबला तर बेस कायम घुसमटलेला राहतो, फार आखूड झाला तर खरखर ऐकू येते. दम घेतल्यासारखी ती हेलकावणारी चाल मुद्दाम हवी असेल तर गोष्ट वेगळी, मग कॉर्ड्सनाही तीच द्या.

दोन किक एकावर एक रचल्या असतील तर एकीची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खालची दिशा, उलटी करून बघा. ज्या स्थितीत तळ भरदार ऐकू येतो ती ठेवा. आणि साधारण १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो राहू द्या. क्लबमधल्या अनेक साउंड सिस्टिममध्ये सबवूफरकडे मोनोच जातं आणि स्टिरिओ पसरवलेला बेस तिथे स्वतःलाच खोडतो.

लूपमधून बाहेर

इथे फोल्डरमधल्या फाइल्स मरतात. लूप शंभर वेळा ऐकला की कानाला त्याचीच सवय होते, त्यात जे आहे ते सगळं आवश्यक वाटू लागतं आणि नवीन काही सुचलं तरी ते परकं वाटतं. म्हणून लूप 'पूर्ण' होण्याची वाट बघू नका. किक, बेस, एखादी कॉर्ड किंवा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) आणि दोन-तीन पर्कशन एवढं जमलं की लगेच मांडणीला लागा.

माझी पद्धत वजाबाकीची आहे. लूपमधले सगळे घटक एकदम वाजतात तो क्षण म्हणजे ट्रॅकचं शिखर, असं समजा. तो पूर्ण टाइमलाइनवर अथपासून इतिपर्यंत कॉपी करा. किती लांब? १२५ बीपीएमला एक बार १.९२ सेकंदांचा, ३२ बार म्हणजे एका मिनिटाला थोडे जास्त. १६० बार केले की पाच मिनिटं आणि वर काही सेकंद होतात. आता त्याचे तुकडे पाडा: ३२ बार सुरुवात, ३२ बार पहिली चढण, १६ बार ब्रेकडाउन (ठेका थांबून शांत होणारा भाग), ४८ बार मुख्य भाग, ३२ बार उतरण. आणि मग पुसायला लागा. सुरुवातीला फक्त किक आणि हॅट ठेवा, बाकी काढा. पहिल्या चढणीत रिफ काढून टाका, ती मुख्य भागासाठी राखून ठेवा. ब्रेकडाउनमधून किक आणि बेस काढा. पंधरा-वीस मिनिटांत तुमच्यासमोर पाच मिनिटांचा ट्रॅक असतो. ओबडधोबड का होईना, त्याला सुरुवात आणि शेवट असतो. रिकाम्या टाइमलाइनवर भर घालत जाण्यापेक्षा भरलेल्यातून काढत जाणं फार सोपं आहे.

सांगाडा सुचत नसेल तर आवडता ट्रॅक त्या संदर्भाच्या रिकाम्या ट्रॅकवर टाका, टेम्पो जुळवा आणि जिथे जिथे काही येतं किंवा जातं तिथे मार्कर लावा: 'क्लॅप आला', 'बेस गेला', 'फक्त पॅड'. पाच मिनिटांच्या गाण्यात मोठे बदल किती कमी असतात ते बघून नवल वाटेल. तोच आराखडा तुमच्या आवाजांनी भरा. सूर आणि आवाज तुमचे असल्यावर त्या सांगाड्यातून गाणं निराळंच उभं राहतं.

नंतर बारकावे. दर आठ बारांना काहीतरी छोटं घडलं पाहिजे आणि दर सोळाला जरा मोठं. छोटं म्हणजे अगदी छोटं: आठव्या बारातली शेवटची किक काढणं, एक क्लॅप रिव्हर्बमध्ये सोडून देणं, हॅटचा डिके दोन बार लांबवणं. मोठं म्हणजे नवा घटक येणं किंवा जुना जाणं. मुख्य भागात ४८ बार आहेत, तेव्हा सगळी पानं पहिल्याच ठोक्याला टाकू नका. ३२ व्या बारानंतर आणायला एक पर्कशन किंवा वरच्या सप्तकातली रिफ हातात ठेवा.

फार हळू चालणारं ऑटोमेशन, म्हणजे नॉब वेळेनुसार आपोआप फिरवणं, हे या संगीताचं खरं बळ आहे. रिफच्या फिल्टरचा कटऑफ ३२ बारांत ४०० हर्ट्झवरून ३ किलोहर्ट्झपर्यंत नेला तर कुठल्याही एका क्षणी बदल ऐकू येत नाही, पण मिनिटभराने आपण वेगळ्याच खोलीत आल्यासारखं वाटतं. रेघ माउसने सरळ ओढण्यापेक्षा नॉब हाताने फिरवत रेकॉर्ड करा. हाताची रेघ थोडी अडखळते, आणि ती अडखळच छान वाटते.

डिलेच्या वेळा टेम्पोशी जोडलेल्या ठेवा. १२५ ला पाव नोट ४८० मिलिसेकंद, बिंदूयुक्त आठवी ३६०, सोळावी १२०. रिव्हर्बचा प्री-डिले ३० किंवा ६० ठेवला की तोही याच हिशोबात बसतो.

ड्रॉपच्या, म्हणजे ठेका जोरात परत येतो त्या क्षणाच्या, आधी पांढऱ्या नॉइजचा चढता सपाटा टाकायची सवय सगळ्यांनाच लागते. खरं तर त्याहून परिणामकारक आणि फुकट असा मार्ग आहे: आधीच्या आठ बारांत खालचे सूर हळूहळू काढून घ्या आणि शेवटची एक मात्रा पूर्ण शांत ठेवा. पुढची किक आपोआप मोठी वाटते, तिचा फेडर हलवावा लागत नाही.

मांडणी झाली की सगळे सिंथ ऑडिओमध्ये बाउन्स करा, म्हणजे त्यांचा आवाज कायमचा रेकॉर्ड करून घ्या. लोक याला घाबरतात, कारण मग नॉब फिरवता येत नाही. नेमकं त्यासाठीच ते करायचं. मिडी आणि प्लगिन असलेली प्रत 'मूळ' म्हणून बाजूला ठेवा आणि मिक्ससाठी ऑडिओची नवी प्रत उघडा. कॉम्प्युटरवरचा भार उतरतो, तुकडे कापता-उलटवता येतात आणि चार वर्षांनी एखादं प्लगिन बंद पडलं तरी ट्रॅक उघडतो.

मिक्स

शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी. सगळे फेडर खाली ओढा. किक साधारण उणे १० डेसिबलच्या शिखरावर आणा, मग बेस, मग क्लॅप, मग ट्रॅकची ओळख ज्यात आहे तो घटक, आणि बाकीचे त्यांच्या मागे. मास्टरचं शिखर उणे ६ च्या आसपास राहिलं की पुढे मोकळीक राहते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये आतला हिशोब ३२ किंवा ६४ बिट फ्लोटचा असतो, त्यामुळे चॅनलवर लाल दिवा लागला म्हणून आवाज लगेच फाटत नाही. पण जुन्या उपकरणांची नक्कल करणारी प्लगिन पातळीनुसार वेगळी वागतात आणि एक्स्पोर्टच्या वेळी छत खरंच असतं. सुरुवातीपासून पातळी आटोक्यात ठेवलेली बरी.

ऐकण्याचा आवाज लहान ठेवा, शेजारी बसलेल्याशी न ओरडता बोलता येईल एवढा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं की आवाज कमी असताना कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात आणि वाढवला की ते भराभर वर येतात. म्हणून मोठ्याने वाजवलेला कुठलाही मिक्स भरदार वाटतो आणि फसवतो. लहान आवाजातही किक, बेस आणि रिफ यांचं नातं कळत असेल तर मिक्स जमला. शिवाय कान टिकवायचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे आणि ९० डेसिबलला ती अवघ्या ४ तासांवर येते. तासाभराने उठा आणि दहा मिनिटं काहीही ऐकू नका.

ईक्यूबद्दल थोडकंच. दोन आवाज भांडत असतील तर आधी एकाचा आवाज कमी करा, मग एक सप्तक हलवून बघा, मग एक काढूनच बघा. ईक्यू त्यानंतर. प्रत्येक ट्रॅकवर डोळे मिटून लो-कट लावायची सवय ट्रॅक पातळ करते. जिथे खाली खरोखर गाळ आहे तिथेच तो लावा. रिव्हर्बच्या सेंडवर मात्र २५० हर्ट्झच्या खालचं बेधडक कापा.

तयार गाण्याशी तुलना करताना पातळी जुळवलीच पाहिजे. बाजारातला ट्रॅक उणे ८ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या लाउडनेसचं एकक) असेल आणि तुमचा मिक्स उणे १८ वर, तर तो ट्रॅक १० डेसिबलने खाली आणा. नाहीतर तुलना लाउडनेसची होते, गुणांची नाही. प्लगिन चालू-बंद करून बघतानाही हाच सापळा आहे: बहुतेक प्लगिन लावल्यावर आवाज किंचित वाढतो आणि वाढलेला आवाज कानाला चांगलाच वाटतो. आउटपुट जुळवा, मग ठरवा. कित्येकदा ते प्लगिन काढून टाकावंसं वाटेल.

मधून मधून मोनोचं बटण दाबा. स्टिरिओ पसरवलेलं पॅड किंवा लीड मोनोमध्ये गायब होत असेल तर त्याचा पसारा कमी करा.

लाउडनेसचं भूत

स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या पातळीला आणून वाजवतात, ॲपल म्युझिक उणे १६ ला. याचा अर्थ ट्रॅक बरोबर उणे १४ वर करायचा असा नव्हे. अर्थ एवढाच की लिमिटरने (शिखरं ठरलेल्या पातळीवर अडवणाऱ्या प्लगिनने) दाबून उणे ८ वर नेलेला ट्रॅक तिथे ६ डेसिबलने खाली आणला जाईल, आणि दाबताना किकची जी कड गेली ती काही परत येणार नाही. क्लबसाठी असेल तर ट्रॅक जोरकस हवा, तरी किक चपटी व्हायला लागते त्याच्या थोडं आधी थांबा. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं शिखर, उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा, कारण एमपी३ किंवा तत्सम स्वरूपात जाताना शिखरं थोडी वर सरकतात.

फाइल्सची शिस्त

प्रोजेक्टच्या नावात तारीख, टेम्पो आणि पट्टी असू द्या. मोठा बदल करण्याआधी नवी आवृत्ती सेव्ह करा, आणि 'फायनल' हा शब्द वापरूच नका, आकडे वापरा. वापरलेली सगळी सॅम्पल्स प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गोळा करणारी आज्ञा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या ना कुठल्या नावाने असते, ती चालवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

सॅम्पल कुठून आलं तेही टिपून ठेवा. रॉयल्टी-फ्री पॅकमधलं असेल तर त्याच्या अटी एकदा वाचा. दुसऱ्याच्या गाण्यातून तुकडा उचलला असेल तर दोन परवानग्या लागतात, एक त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि दुसरी रचनेच्या मालकाची. तुकडा इतक्या सेकंदांपेक्षा लहान असेल तर चालतं, या ऐकीव नियमावर विसंबू नका.

शेवटची यादी

मिक्स झाला की ट्रॅक फोनवर घ्या आणि पडद्यापासून दूर, चालताना किंवा घरकाम करताना ऐका. टाइमलाइन डोळ्यांसमोर असली की पुढे काय येणार हे दिसत असतं, त्यामुळे कंटाळा कळत नाही. दूर गेलं की लगेच कळतो. ऐकताना वेळेसकट नोंदी करा: '१:०५ हॅट टोचते', '२:१० इथे लक्ष उडालं', '३:४० ब्रेक लांबला'. दुसऱ्यांदा ऐकून भर घाला. पुढच्या बैठकीत प्रोजेक्ट उघडल्यावर फक्त ही यादी वरून खाली संपवायची, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. नवी कल्पना सुचलीच तर ती नव्या प्रोजेक्टसाठी लिहून ठेवा.

अशी यादी सहसा दोन-तीन वेळा होते. 'लक्ष उडालं' आणि 'लांबला' या जातीच्या नोंदी आधी मिटवा, कारण त्या मांडणीच्या आहेत आणि त्या सुधारल्या की टोचणाऱ्या हॅटसारख्या निम्म्या तक्रारी आपोआप जातात. यादीत 'पॅड अर्धा डेसिबल कमी' असल्याच नोंदी उरल्या की एक्स्पोर्ट करा: २४ बिट डब्ल्यूएव्ही, शेवटच्या ठोक्यानंतर रिव्हर्बची शेपटी पूर्ण विझेपर्यंत जागा सोडून. १६ बिटची प्रत लागणार असेल तरच डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी सूक्ष्म नॉइज) लावा, आणि तोही एकदाच, अगदी शेवटी. सोबत ड्रम, बेस आणि बाकीचे गट वेगवेगळे काढून ठेवा, रीमिक्ससाठी किंवा लाइव्ह वाजवताना तेच लागतात.